चार वाजताचं यकृत

सोमवार, ४ मार्च
माझे उंदीर वेडे झालेत की मी?
मेंदूतलं घड्याळ उजेडावर चालतं, यकृतातलं जेवणावर. अन्न पचवायची जनुकं जेवायच्या वेळेआधीच जागी होतात. आमच्या उंदरांना खाणं फक्त रात्री, दिवसा झोप. म्हणजे जनुकं जागी व्हायला हवीत संध्याकाळी. काहींची होतायत दुपारी चारला!
आकडे बघून माझे गाईड सर खुर्चीतून उठलेच. "अगं, नवा शोध आहे हा! झाली तुझी पीएचडी!" सहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी हे म्हणालं. घरी येऊन आईला मिठीच मारली. ती म्हणाली, "बरं. आधी हात धू."

बुधवार, ६ मार्च
सर मॅडमना आलेख दाखवत होते. मॅडम म्हणजे त्यांची बायको, शेजारच्याच प्रयोगशाळेत. त्यांचं लक्ष सरांच्या पोटाकडे. "गोड बंद आहे ना? मग शुगर का उतरत नाही?" सरांनी आलेखात डोकं खुपसलं.

शुक्रवार, ८ मार्च
पिंजरे साफ करताना भुश्शात काय सापडावं — क्रीमच्या बिस्किटाचा चुरा! फक्त दाराजवळच्या रांगेत. चारवाले उंदीर नेमके तिथलेच. शोध कसला डोंबलाचा, कुणीतरी खाऊ घालतंय!

सोमवार, ११ मार्च
चारला दबकत उंदरांच्या खोलीत शिरले. सर! तोंडात बिस्किट, बोटं जाळीत.
"अगं... एकट्याने खाववत नाही."
आधी हसू आवरेना, मग रडूच फुटलं. सर म्हणाले, "मॅडमना सांगू नकोस." मी म्हटलं, "आणि परीक्षकांना काय सांगू?"

मंगळवार, १२ मार्च
बैठकीत सर स्वतःच उभे राहिले. "चारचा घोळ माझा आहे." मॅडमनी सगळ्यांसमोर हात पुढे केला. सरांनी खिशातला पुडा मुकाट्याने त्यांना दिला. मेल्याहून मेल्यासारखे झाले बिचारे. पण माझी सहा वर्षं गेली ना पाण्यात! फार राग आलाय.

गुरुवार, १४ मार्च
बिस्किटं बंद झालीत. चारला सहज डोकावले. दाराजवळचे झाडून सगळे जाळीला नाक लावून उभे! आतली रांग ढाराढूर. चिमूटभर चुऱ्याने घड्याळ फिरलं — आणि तुलनेला आतली रांग आयती! सरांना ओढत आणलं. त्यांनी एकेक नाक मोजलं. मग म्हणाले, "शोधनिबंधावर पहिलं नाव तुझं. बिस्किटाला मात्र 'अल्प पूरक आहार' लिही."