ताईच्या डाव्या हाताला

२६ सप्टें., गुरुवार
सुट्टीवर आलेल्या ताईने मला वावरात जायची बंदी केली. मला! दसरा तोंडावर, झेंडू कळीला आलाय, आणि मी ओट्यावर पाय वर करून बसायचं.
टाचेत तारेचा तुकडा घुसला होता, पोळ्याच्या आधी. भरतच नाय. मी कोणाला बोलले नव्हते, हळद दाबायची नि चालायचं. आज सकाळी चहा घेताना ही आपली माझ्याकडे बघत बसलेली. मग म्हणाली, "छबू, टाच टेकत नाहीयेस तू. पाय दाखव." पाय बघितला, बोटाला सुई टोचून साखर बघितली, आणि मग जे काय बोलली! दसरा होईपर्यंत वावर बंद. अनवाणी तर कायमचं बंद.
आमचे हे हसतात. "विमानवाल्यांना खाली उतरवते तुझी बहीण, आज तुला उतरवलं."
मी म्हटलं मी वर कधी होते?

२७, शुक्र.
बसले. बियाणंवाल्याने दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, म्हणून लिहितेय. नायतर डोकं फुटेल.
मजूर बाया कळ्या तोडतात की फुलं, इथून दिसत नाय. ओरडले. ताई आतून, "छबू, बीपी."

३० सप्टें., सोम.
शेजारची मंदा आली पायाचं विचारायला, खरं तर ताईचं विचारायला. "तुझी बहीण नक्की करते काय ग? विमान चालवते का?"
नाय बाई. हवाई दलात डॉक्टर आहे, विमान चालवतात त्यांना तपासते. आज कोण उडणार, कोण नाय उडणार, ते ही ठरवणार. एवढे मोठे गडी, हिच्यासमोर शाळेतल्यासारखे उभे. आता तर मोठी साहेब आहे, तिच्या हाताखाली डॉक्टरच डॉक्टर. जानेवारीत अजून एक पायरी चढणार म्हणतात.
"आणि तू?"
मी सातवी. मला शाळा आवडतच नव्हती. कोणी कोणासाठी त्याग-बिग केलेला नाय.
मंदा गेल्यावर ताईला विचारलं, माझं टाचेचं तुला कळलं कसं. म्हणाली, दवाखान्यात बोलावलं की पायलट कधी खरं सांगत नाय. उडायचं बंद होईल ना. मग ही रोज सकाळी त्यांच्यातच जाऊन चहा प्यायची. कोण गप्प आहे, कोणाला सर्दी आहे नि लपवतोय, नुसतं बघायचं. तीस वर्षं चहा पिते म्हणाली.

३ ऑक्टो., गुरु.
घट बसले. माळा ओवायला दोघी बसलो, लहानपणी आई बसवायची तशाच. हात चालतो अजून तिचा. मध्येच म्हणते, "शेवंती संपली का ग?"
शेवंतीची पाटी तिच्या डाव्या गुडघ्याला टेकलेली.
मी म्हटलं आंधळी झालीस का?
हसली नाय. मान अख्खी वळवली, मग पाटी दिसली. "लक्ष नव्हतं."
लक्ष नव्हतं? हिचं?

५, शनि.
आता मीच चहा पिते आणि बघते. बसून दुसरं काय करणार.
ताईच्या हातून तांब्या लवंडला. डावीकडचा. दाराची चौकट खांद्याला लागली, डाव्या. हे डावीकडून येऊन बोलले तर दचकली. जेवायला बसताना मला रोज उजवीकडे घेते. मला वाटायचं सवय.
बोलले नाय अजून. दोनदा तोंडाशी आलं होतं. मला नाय जमत असं गप्प राहायला.

८ ऑक्टो., मंगळ.
व्हायचं ते झालं.
फुलबाजारात क्रेट जायचे, टेम्पोवाला आलाच नाय. हे वावरात. ताई म्हणाली मी नेते, माझ्या गाडीत मागे टाका. मी नको नको म्हणतेय तोवर गाडी फाटकाबाहेर. गल्लीच्या वळणावर म्हातारे रामभाऊ सायकलवर. डाव्या बाजूला. सायकल नालीत, रामभाऊ काठावर.
लागलं नाय काही. कोपर खरचटलं. पण म्हातारा काय काय बोलला! "लष्करातली बाई ना तू? मी काय शत्रू हाय का?"
लोक हसले. ताई नाय. तिने त्यांचं कोपर स्वतः धुतलं, पट्टी बांधली, दहादा माफी मागितली. मग गाडी तिथेच ठेवून घरी चालत आली. किल्ली माझ्या पुढ्यात ठेवली.

९, बुध.
सकाळी चहा ठेवला आणि तिच्या डावीकडे जाऊन बसले. विचारलं, मी कुठेय?
"नको ना छबू."
कधीपासून?
बऱ्याच दिवसांपासून. डोळ्यातला दाब वाढलाय म्हणे, डाव्या बाजूचं गेलंय ते परत यायचं नाय. थेंब घालते चोरून. गावातल्या डॉक्टरकडून लिहून आणले, तिकडच्या कोणाला सांगितलं नाय. या सुट्टीनंतर तिचंच मेडिकल आहे. त्यात हे निघालं तर पुढची पायरी नाय. आहे त्याच जागेवरून घरी.
"निघणारच की, तपासतील ना?" मी म्हटलं.
"तपासणारी पोरं माझ्याच हाताखालची. मॅडम म्हणाल्या ठीक आहे, तर ठीक आहे. मी सांगितलं तरच निघेल."
म्हणजे सांगायचं हिनेच.
मग मला राहवलं नाय. म्हटलं, तो नागपूरचा पायलट आठवतो? कान फुटलेला लपवत होता, तू त्याला उतरवलंस. त्याची आई आपल्या घरी फोन करून रडली. आपली आई तुला म्हणाली, जाऊ दे ना पोरी, एवढं काय? तू काय म्हणालीस? वर कडेला गाडी लावायला जागा नसते म्हणालीस.
"तो उडत होता, छबू. मी टेबलावर बसते."
त्या टेबलावर बसूनच ठरवतेस ना कोण उडेल ते?
उठून गेली. दुपारी जेवली नाय. मीपण नाय. ह्यांनी दोघींच्या वाटचं खाल्लं.

११, शुक्र.
अबोला. माळा मात्र ओवतोय, ऑर्डर आहे. दोऱ्याचं रीळ मी मुद्दाम डावीकडे ठेवते. ती मान वळवून घेते. माझ्याकडे न बघता.
टाच भरायला लागली. तिला सांगितलं नाय. तिला दिसलंच असणार.

१२, दसरा
हे एकटेच गेले बाजारात. भाव बरा लागला म्हणाले. मी असते तर अजून लागला असता.
ताईने सोनं दिलं, पाया पडू दिलं नाय. म्हणाली, "तुला काय वाटतं, मला कळत नाही?"
म्हटलं कळतं म्हणून तर बोलतेय. न कळणाऱ्याला कोण बोलतं.
मग मीच म्हटलं, ऐक. तू तिकडे सांग. मी इकडे बसते, तू म्हणशील तोवर, गोळ्या पण घेते. तू नाय सांगितलंस तर मी त्याच दिवशी अनवाणी वावरात.
"हा काय व्यवहार झाला?"
मला हाच येतो.

१४, सोम.
ताईला रेल्वेगाडीवर सोडायला गेलो, नाशिकरोडला. तिची मोटार इथेच ठेवली. टेम्पोवाल्याचा टेम्पो मागून घेतला, पुढे तिघं, हे चालवायला. मी नेहमीसारखी मधे बसायला गेले. ताई म्हणाली, "नको. तू खिडकीशी बस. डावीकडे." वाटेत म्हणाली, "सांग काय काय दिसतंय."
सांगत गेले. उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. शाळेची पोरं. एक बाई सुनेला शिव्या देतेय. हे म्हणाले, "शिव्या पण सांग की." ताई लय दिवसांनी हसली.
फलाटावर परत विचारलं, सांगशील ना?
गाडी आली. तिने माझ्या पायाकडे बघितलं. "चप्पल घट्ट होतेय. बदल."

१७ ऑक्टो., गुरु.
आज तिचं मेडिकल.
फोन मांडीवर. हे दोनदा विचारून गेले, मी दोनदा अंगावर गेले. मंदा आली, तिला पाणी पण विचारलं नाय. गोळी घेतली. दुसऱ्या तोडणीचा झेंडू उभाय, बाया काय करतात देव जाणे.
दुपार गेली. फोन नाय.
मी पण ओट्यावरून उठले नाय.