तिसरी साक्ष

भोसरी,
गुरुवार, १३ फेब्रुवारी २०२५

आत्यांना त्यांच्या सुनेचा, विजूचा येशूच्या नावात सलाम.

आम्ही इकडं ठीक आहोत. मैत्रीला खालचे दोन दात आलेत. आता टेकू न लावता बसते. हे चाकणच्या कंपनीत त्याच लाइनवर आहेत, या आठवड्यात सेकंड शिफ्ट आहे, दुपारी कंपनीची बस धरतात. तुमचे गुडघे कसे आहेत? जाऊबाई तेल लावून देतात का? तुम्ही मागणार नाही, मला माहीत आहे.

पत्र बघून तुम्हाला नवल वाटेल. फोन असताना ही कागद का काळे करते म्हणाल. फोन केला की भाऊजी स्पीकर लावतात आणि सगळं घर ऐकत बसतं. मला सांगायचंय ते आधी फक्त तुम्हाला. तुम्ही ओळीवर बोट ठेवून वाचता, तसंच हेही सावकाश वाचा. माझं अक्षर सातवीतलं आहे, तिथंच राहिलं.

एक गोष्ट पहिलीच सांगते. चोवीस तारखेला मैत्रीला कानाची मशीन बसवणार आहेत. त्याच्या आधी तुम्ही यावं असं मला फार वाटतं. पण आत्या, आधी सगळं पत्र वाचा, मगच ठरवा. अर्ध्यावर हो म्हणू नका.

हो, मशीन. तुमचं खरं होतं.

आज गुरुवार, एमआयडीसी बंद. मागच्या शेडमधला पत्रा ठोकायचा प्रेस गप्प आहे, म्हणून मला नीट लिहिता येतंय. तुम्हाला आठवतं ना, दसरा झाल्यावर तुम्ही मैत्रीला मांडीवर घेऊन तिच्या पाठीमागं ताटली वाजवलीत? ती तुमच्या चष्म्याची काडी चघळत राहिली. तुम्ही म्हणालात, "विजू, लेकराला ऐकू येत न्हाई गं."

मी म्हणले, "काही पण बोलू नका. प्रेस सुरू झाला की कशी हात उडवते, हसते. ऐकल्याशिवाय?"

"आगं फरशी हादरती. पोर कानानं न्हाई, पाठीनं ऐकती."

तेव्हा मला तुमचा इतका राग आला, कारण ते मला आधीच माहीत होतं. हे मी यांनाही बोलले नव्हते. गुरुवारी सगळं बंद असलं की मैत्री नुसती पडून छताकडं बघायची. कुकरची शिट्टी तिच्या उशाशी झाली तरी पापणी हलायची नाही. दर गुरुवारी मी तिच्या कानाशी टाळ्या वाजवून बघायचे, आणि शुक्रवारी प्रेस सुरू होऊन तिचे हात उडाले की मी देवाचे आभार मानायचे. असे किती गुरुवार मी काढले.

मग तुम्हीच यांना बोलून तिला सरकारी दवाखान्यात न्यायला लावलं. डॉक्टरीणबाईंनी झोपेत करायच्या तपासणीची तारीख दिली, तीस डिसेंबर. म्हणाल्या, वेळ घालवू नका, लवकर मशीन लागली तर बोलायला शिकेल. इकडं आपल्या मंडळीच्या संगतीत सगळ्यांनी मैत्रीसाठी तीन दिवस उपास-प्रार्थना धरली. पुढच्या रविवारपासून जो तो विचारायचा, "काय विजू, काही फरक?" मला नाही म्हणायची लाज वाटायला लागली. एवढ्या लोकांनी पोटं उपाशी ठेवली आणि फरक नाही, म्हणजे खोट माझ्यातच आहे, असं म्हणतील. तुमच्यापुढंही तीच भीती. तुम्ही तोंड उघडलं की मला वाटायचं, आता परत तेच बोलणार.

मग आपलं ते भांडण झालं. "तुम्ही रोज रोज असं बोलता म्हणूनच माझं लेकरू बरं होत नाही," असं मी म्हणले. तुम्ही भांडी घासून पालथी घातलीत, पिशवी भरलीत. यांनी तुम्हाला गाडीत बसवून दिलं. मी जिन्यापर्यंत पण आले नाही.

इथपर्यंत तुम्हाला माहीत आहे. पुढचं नाही.

नाताळाच्या आधीच्या रविवारी हे ओव्हरटाइमला होते, मी एकटीच लेकराला घेऊन उपासनेला गेले. पास्टर प्रभाकरांनी विचारलं, "कुणाची साक्ष आहे का?" देवानं काय केलं ते उभं राहून सांगायचं, तुम्ही तर पन्नास वर्षं सांगत आलात. मी डोक्यावर पदर घेतला आणि उभी राहिले. म्हणले, "माझ्या मैत्रीला ऐकू यायला लागलं."

काय टाळ्या पडल्या आत्या! बायका रडल्या, मला कवटाळलं. पास्टरांनी मैत्रीला उचलून सगळ्यांना दाखवलं. एवढा मान मला लग्नातही मिळाला नव्हता. रस्त्यावर उतरेपर्यंत टिकला तो. एक ट्रक अगदी जवळून हॉर्न देत गेला, मी दचकले. मैत्री माझ्या खांद्यावर बोटं चोखत होती.

तीस तारखेला मी दवाखान्यात गेलेच नाही. यांना सांगितलं, तारीख पुढं गेली. कशी जाणार? तिथं आपल्यातलं कुणी भेटलं असतं म्हणजे? नव्या वर्षाच्या प्रभुभोजनाला भाकर समोर आली तर खोटं पोटात ठेवून माझा हात पुढं जाईना. पोट दुखतंय सांगून बाहेर येऊन बसले. रोज प्रार्थना करत होते मात्र. देवा, आता तरी तिचे कान उघड, नाहीतर माझी अब्रू जाईल. बघा आत्या. लेकराचे कान राहिले बाजूला, मी माझ्या अब्रूसाठी मागत होते. तेही हुकूम सोडल्यासारखं.

मग नेहाचं झालं. नेहा म्हणजे तळेगावहून येते ती. तिच्या बाळाचा पाय जन्मापासून आत वळलेला, दर बुधवारी प्लास्टर बदलायला नेते. जानेवारीत ती उभी राहिली आणि माझ्याकडं बोट करून म्हणाली, "विजूताईची साक्ष ऐकली आणि माझा विश्वास वाढला. मी प्लास्टर काढून टाकलं. आता दवाखाना बंद." सगळे हालेलुया म्हणाले. मी पण म्हणले. माझंच तोंड म्हणालं ते.

तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. त्या बाळाचा पाय तसाच राहिला तर तो माझ्यामुळं. गुरुवार आला, सगळीकडं सामसूम. मैत्री फरशीवर बसून माझी वेणी ओढत होती. मी तिथंच गुडघे टेकले. मोठी प्रार्थना सुचेना. म्हणले, "देवा, मला विश्वास पण नाही आणि मला काही जमत पण नाही. मी सगळं करून बसले. पोरगी तुझी आहे. मी खोटारडी, पण मी पण तुझीच. आता तू सांगशील ते." एवढंच. आवाज आला नाही, उजेड पडला नाही. पण कितीतरी दिवसांनी मला भूक लागली. सकाळचा भात होता, तो ताक घालून आम्ही दोघींनी खाल्ला.

रविवारी हे बरोबर होते. साक्षीची वेळ आली तशी मी उठले. पुढच्या बाईची खुर्ची धरली. म्हणले, "मी खोटी साक्ष दिली. मैत्रीला ऐकू येत नाही."

अर्जुनराव पहिल्या ओळीत बसतात ना, देहूरोडच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. त्यांनी कानामागं हात धरला. "काय म्हणली? जोरात बोल बाळा, हितवर येत न्हाई."

मी परत म्हणले.

"आगं काय पुटपुटती? उपकाराची गोष्ट हाय, लाजती कशाला!"

मग मी ओरडूनच म्हणले, "मी खोटं बोलले! माझी पोरगी बहिरी आहे!"

आत्या, आयुष्यात पहिल्यांदा ते मी तोंडानं म्हणले. अर्जुनरावांनी मान डोलवली. "मंग आसं बोल की. मी बी बहिराच हाय. मशीन तीन वर्सं खिशात घालून फिरलो, म्हातारा दिसंल म्हणून. बस खाली."

कुणीतरी हसलं, मग मी पण हसले, रडता रडता. पास्टर उठले. म्हणाले, "चूक माझी पण आहे. मी एका शब्दानं विचारलं नाही की डॉक्टर काय म्हणाले. मोठी साक्ष मिळाली म्हणून खूष झालो." आणि तिथंच नेहाला म्हणाले, "बेटा, बुधवारी प्लास्टरला जायचं. प्रार्थना आम्ही करूच, पाय डॉक्टरला दाखवायचा."

नेहा माझ्याकडं न बघता निघून गेली. बुधवारी मी तिच्या आधी दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिले. ती बोलली नाही. पण बाळाला खांद्यावर घेताना हातातली पिशवी माझ्याकडं दिली. अजूनही फारसं बोलत नाही. दर बुधवारी पिशवी मात्र माझ्याकडं देते. प्लास्टर पुन्हा सुरू झालंय, डॉक्टर म्हणाले फार बिघडलेलं नाही.

यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि म्हणाले, "चल, नवी तारीख घेऊन येऊ."

तपासणीच्या दिवशी तिला आधी झोपू द्यायचं नव्हतं, म्हणून बसमध्ये मी तिला गुदगुल्या करत राहिले. मग बंद खोलीत मांडीवर झोपवलं, डोक्याला चिकट मलम लावून वायरी लावल्या. ती झोपली, मी जागी. मला वाटलं होतं मी देवाकडं निकाल मागेन. पण मी नुसती तिच्या टाळूवर हात ठेवून बसले. दोन्ही कानांना फार थोडं ऐकू येतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधी मशीन लावून बघू, नाही भागलं तर पुढं ऑपरेशन. आणि रोज तिच्याशी बोलायला पाहिजे, तोंडासमोर तोंड धरून, न कंटाळता.

मला वाटलं होतं ते ऐकून मी मरून जाईन. नाही मेले. भीती वाटते, खोटं कशाला सांगू. ती मला कधी आई म्हणेल का, शाळेत कुणी हसेल का, सगळ्याची वाटते. पण आधी भीती माझ्या एकटीच्या डोक्यावर होती, वर ती झाकायचं काम. आता झाकायचं काही नाही. सकाळी उठते, देवाला म्हणते, आजचं तू बघ, मला समजत नाही. आणि खरंच आत्या, मला सुख वाटतं. कुणाला सांगितलं तर वेडी म्हणतील, पोरीला मशीन लागणार आणि ही सुखात. भाकरी थापताना गाणं म्हणते. मैत्री माझ्या ओठांकडं बघत बसते.

आता जे चार पानं टाळत आले ते लिहिते.

डिसेंबरच्या त्या साक्षीत मी अजून एक वाक्य बोलले होते. लोकांना चमत्कार पटावा म्हणून. मी म्हणले, "आमच्या घरातला अविश्वास गावाला निघून गेला आणि देवानं लगेच काम केलं." सगळ्यांना कळलं मी कुणाला म्हणते ते. काही बायका हसल्या.

तुम्हाला, आत्या. मैत्री पोटात असताना रोज माझ्यासाठी गुडघे टेकणाऱ्या बाईला. तुमचे गुडघे कशानं गेले ते मला माहीत नाही का?

दुसऱ्यांदा उभी राहिले तेव्हा कानांचं सगळं बोलले, हे गिळलं. वाटलं, एवढी लाज पुरे झाली. अर्जुनराव बाहेर चपला घालताना म्हणाले, "तुझ्या सासूला, सोजरबाईला कळवलं का?" मी म्हणले, कळवते. त्याला आता महिना होत आला.

काल यांना सांगितलं. जेवत होते. घास परत ताटात ठेवला. म्हणाले, "आईला तू सांग. पत्र मी नेऊन देतो." शनिवारी सुट्टी टाकून सकाळी ते तुमच्याकडं येतायत आणि संध्याकाळी परत निघणार आहेत.

आत्या, मला माफ करा. चोवीस तारखेला माझा हात धरायला कुणी पाहिजे म्हणून माफी मागते असं समजू नका. तशी मला गरज फार आहे, तेही खरंच आहे. मैत्रीशी रोज तोंडासमोर तोंड धरून बोलायचंय, आणि माझ्यापेक्षा तुमच्याकडं बोलायला जास्त आहे. पण मशीन काय, हे असतील बरोबर, बसेल. तुम्ही नाही आलात तर मला राग धरायचा हक्क नाही, मी धरणार नाही.

या रविवारी मी तिसऱ्यांदा उभी राहणार आहे. तुमचं नाव घेऊन सांगणार, जोरात, अर्जुनरावांना एकदाच ऐकू जाईल असं. तुम्ही यांच्याबरोबर आलात तर पुढच्या ओळीत बसा, म्हणजे तुमच्याकडं बघून बोलता येईल. नसलात तरी तेच बोलणार.

तुम्हाला अविश्वास म्हणणारी, तुमच्याच प्रार्थनेवर जगलेली,
तुमची सून
विजू