अंगठ्याआड

३ फेब्रुवारी

धाकट्याची एक भुवई गेली. दुसरी आहे. त्यामुळे माझा भाऊ दिवसभर कशाचं तरी आश्चर्य वाटल्यासारखा दिसतोय.

काल गोदामात पोती पेटली. पोत्यांवर काय लिहिलंय ते न वाचताच यानं पाण्याचा फवारा सोडला – आणि आग भडकली! पाण्यानं! आतली भुकटीच तशी होती. आम्हा आग विझवणाऱ्यांचं सगळं शहाणपण पाण्यात सुरू होतं नि पाण्यातच संपतं.

आईला सांगितलं, वस्तरा चुकला. ती म्हणाली, "भुवईवर?"

हसले तेव्हा. मग अग्निशमन केंद्राच्या गच्चीवर जाऊन बसले. वाळत टाकलेल्या होसपाइपांतून पाणी ठिबकत होतं, संथ, पेंगुळल्यासारखं. आणि मला भीती वाटली. फार. गाडी थांबायच्या आत हा उडी मारतो. लोक टाळ्या पिटतात. एक दिवस तो उडी मारेल आणि परत येणार नाही, हेच दिसत राहतं मला, उघड्या डोळ्यांनी.

९ फेब्रुवारी

अनुदानाचा अर्ज साहेबांनी माझ्या गळ्यात मारला. म्हणे माझं अक्षर चांगलं आहे. अर्ज टाइप करायचाय!

मागायचं काय, तर सगळ्या तुकडीला घातक रसायनांचं प्रशिक्षण आणि डोक्यापासून पायापर्यंत बंद असे पोशाख. 'गरज स्पष्ट करा' या रकान्यात मी लिहिलं – आमची माणसं धावतात, त्यांना थांबायला शिकवायचं आहे. साहेबांनी खोडलं. समितीला वाटेल आपण आळशी आहोत.

२१ मार्च

अर्जाला वाटाण्याच्या अक्षता. मोठ्या केंद्रांना आधी, म्हणे. धाकटा खूश – या वयात शाळेत कोण जातंय!

२४ मार्च

पुन्हा अर्ज केला. खोडलेलं वाक्य परत घातलं. सोबत धाकट्याच्या भुवईचा फोटो. म्हणजे, नसलेल्या भुवईचा.

२ जून

मंजूर!!

११ जुलै

प्रशिक्षण सुरू. शिकवणाऱ्या बाई हळू बोलतात, त्यामुळे सगळे गप्प बसून ऐकतात. पहिला धडा अंगठ्याचा. हात लांब करायचा, अंगठा उभा धरायचा, एक डोळा मिटायचा. अपघाताची सगळी जागा अंगठ्याआड झाकली गेली तर आपण पुरेसे लांब. कडेनं थोडी जरी दिसली, तर मागं सरायचं.

धाकटा म्हणाला, "म्हणजे लोकांनी मदतीला बोलवायचं आणि आपण अंगठा दाखवायचा?"

हशा पिकला. बाईही हसल्या. मग म्हणाल्या, "न बघता आत गेलास, तर मागून येणाऱ्याला दोघांना बाहेर काढावं लागतं. आणि मागून येणारं कोण असेल, ते तूच बघ."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर.

१५ जुलै

अंगठ्याचं वेडच लागलंय मला. सकाळी सूर्य झाकला. मग धुराडं, मग पाण्याची टाकी, मग समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणारी ती अनोळखी बाई. किती सोपं आहे! हात लांब केला की जग केवढंसं होतं, आणि त्यातलं काहीच आपल्याला लागत नाही. दुपारभर गच्चीवर तशीच बसले. खाली अंगणात धाकटा गाडी पुसत होता. त्याला झाकून बघितलं. लगेच अंगठा काढला.

२० जुलै

बंद पोशाख आले. घातले की सगळे सारखेच – फुगलेले, बिनचेहऱ्याचे, पाण्याखाली चालल्यासारखे. मी धाकटा समजून एकाला प्रेमानं टपली मारली. साहेब निघाले!

८ ऑगस्ट

रस्त्यावर टँकर गळत होता. धाकट्यानं गाडी लांबच थांबवायला लावली. उतरला – उडी न मारता – आणि हात लांब करून अंगठा धरला. लोकांनी शिव्या घातल्या. त्याला अंगठ्यापलीकडचं काही दिसतच नव्हतं.

मी गाडीमागे जाऊन रडले. आता झोप लागेल.

१९ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहितेय, म्हणून हे कोंबडीचे पाय.

काल कारखान्यात आम्लाची टाकी फुटली. सगळीकडे पांढरी वाफ, स्वप्नात असते तशी. मी दुसऱ्या गाडीनं पोचले. पहिल्या गाडीच्या पायरीवर धाकट्याचं हेल्मेट. तो कुठंच नाही. गर्दीत कोणी म्हणालं, आत गेलाय तो.

मी अंगठा धरला नाही. धावले. हातमोजेसुद्धा राहिले. फाटकाची कडी ओली होती, ती उजव्या हातानं ओढली. तेवढ्यात एका पोशाखवाल्यानं कमरेचा पट्टा धरून मला मागं खेचलं. मघाशी त्याच्याच शेजारून धावले होते मी. कामगार केव्हाच बाहेर आलेले, आणि हा सगळा वेळ लांब उभा, साहेबांच्या इशाऱ्याची वाट बघत.

काचेमागे दोन भुवया. दोन्ही.

"ताई," तो ओरडत होता, "अंगठा, ताई, अंगठा!"

डॉक्टर म्हणतात, हात राहील. आईला धाकट्यानं सांगितलंय, इस्त्रीचा चटका.