साडूच्या नाकावर टिच्चून

३ मार्च
आज सकाळी देवापुढे हात जोडले, पण मागितलं काहीच नाही. साडूची होडी चोरीला गेली, त्याबद्दल फक्त आभार मानले. मनात सूड वगैरे नाही. पण तळ्याकाठी सगळ्यांदेखत हाच म्हणाला होता, तुम्ही काठावरच बसा, होडीला तुमचं वजन झेपायचं नाही. देव सगळं ऐकतो.

४ मार्च
निश्चय : आपण होडी घ्यायची. सेकंडहँड. आणि साडूला काठावर बसवायचं. बायको म्हणाली, कागद बघून घ्या, चोरीची निघायची. म्हटलं, मी कागद बघत नाही, माणूस बघतो.

९ मार्च
माणूस बघितला. सुतार आहे. कागद भावाकडे, भाऊ परगावी. देवाची शपथ घेतली, तीही डोळे मिटून. होडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली. जपणारा दिसतो. घेतली.

१२ मार्च
होडी हिरवी होती, थेट साडूच्या होडीसारखी. त्याची नक्कल वाटायला नको म्हणून लाल रंग दिला. मागे कोरलेला नंबर डोळ्यांत खुपत होता. पॉलिशपेपरने घासून सपाट केला. तिथे नाव घातलं : 'क्षमा'. झोंबेल.

१६ मार्च, दुपारी
साडूला मुद्दाम बोलावलं. त्याने बाकाखाली हात घातला. म्हणाला, ही चीर मीच बुजवली होती. म्हटलं, साडूभाऊ, चिरा सगळ्याच होड्यांना असतात. म्हणाला, मग नंबर दाखवा.

संध्याकाळी
पोलीस आला. म्हणाला, नंबर घासतो तो चोर. मी म्हटलं, शोभेसाठी घासला. त्याने हे लिहून घेतलं नाही.

१७ मार्च
सुताराचा फोन बंद. त्याला सोडणार नाही! दिलेल्या पत्त्यावर न्हाव्याचं दुकान निघालं. दाढी करून परत आलो.

२० मार्च
चौकीत साडू माझ्या बाजूने बोलला. म्हणाला, साहेब, चोरी करायला डोकं लागतं, हे आमचे साडू आहेत. साहेबांना लगेच पटलं. सुटलो. हा अपमान मरेपर्यंत विसरणार नाही.

२१ मार्च
मोठ्या मनाने होडी परत करायची ठरवलं, आणि केली. पोलीस न्यायला येणारच होते, पण निर्णय माझा. साडू म्हणाला, बसा, एक फेरी मारू. बसलो. वल्ही माझ्या हातात देऊन तो समोर पाय पसरून बसला. तळ्याच्या मध्यावर म्हणाला, जरा जोरात.
वल्ही जोरात मारली.