तिच्या पट्टीत ठेवलेली पेटी

बापू,

तुम्ही गेल्यानंतर तुमची पेटी माझ्याकडे आली आणि आजही ती माझ्याकडेच आहे. भाता एकदा बदलावा लागला, बाकी सर्व जसेच्या तसे आहे. तुमची सून, म्हणजे माझी पत्नी, मात्र गेल्या पौषात गेली. हे तुम्हांला कोणी कळवलेले असणे शक्य नाही, आणि मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारा मनुष्यही नाही. तरीही कळवणे माझे कर्तव्य वाटते. तिच्या आवाजाची आणि तुमच्या पेटीची जी ओळख होती, तिचा साक्षीदार मी एकटाच उरलो आहे.

आमच्या लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणातला कानबाईचा उत्सव मला आठवतो. ओसरीवर देवी बसली आहे, स्वयंपाकघरात नैवेद्याच्या रोटांचा वास दाटला आहे, बायका माजघरात गाण्याला बसल्या आहेत आणि तुम्ही उंबऱ्याशी पेटी घेऊन बसला आहात. तुम्हांला पांढरी एक ही खालची पट्टी सोडून दुसऱ्या पट्टीत वाजवता येत नसे. तारुण्यात एका फिरत्या नाटकमंडळीच्या पेटीवाल्याकडून तुम्ही तेवढीच बोटे उचलली होती, आणि त्यामुळे सारे कळसाडी गाव वर्षानुवर्षे पांढरी एकमध्येच गात आले होते. ज्याचा आवाज तेथे बसे तो गाई. ज्याचा बसत नसे तो टाळ्या वाजवी. यात काही अन्याय आहे असे गावात कोणाला वाटत नव्हते. पेटी जेथे आहे तेथे सूर आहे, इतके ते साधे होते. तुमच्या सुनेचा आवाज जात्याच उंच. खालच्या स्वरांवर आला की तो विझून जाई. थोरल्या वहिनी सर्वांसमोर म्हणाल्या, "बी.ए. नवरानी बायको शे, पन गळामा आवाजच नही!" सगळ्या हसल्या. तिनेही हसून पदर पुढे ओढला. पुढच्या वर्षी ती गाण्याला बसलीच नाही. रोट भाजायचे आहेत, म्हणाली. त्या घरात ती यापुढे कधी गाईल की नाही, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला. तुम्हांलाही पडला होता, हे मला बऱ्याच उशिरा समजले.

जुनी पेटी उंदरांनी कुरतडली, तेव्हा नवी घेण्यासाठी आपण धुळ्यास गेलो. ती माहेरी होती, तिलाही त्याच फेरीत घेऊन यायचे होते. ते दुकान मला आज डोळ्यांपुढे दिसते. दुकानदाराने दोन पेट्या मांडल्या आहेत. एक साधी, आवाजाला भरदार. दुसरी स्केलचेंजची, म्हणजे जिच्यातील पांढऱ्या-काळ्या स्वरांची सबंध चौकट उचलून डावी-उजवीकडे सरकवता येते. बोटे तीच ठेवावीत आणि पट्टी बदललेली असावी, अशी तिची रचना. दुकानदार प्रामाणिक होता. "ही जड आहे आणि नाजूक आहे," तो म्हणाला, "गाडीचे हादरे सोसणार नाही." तुम्ही मान हलवलीत. "गाडामा धचके बसतीन. आपले साधीच बरी." मीही त्याच मताचा होतो. महाविद्यालयात शिकलेल्या माणसाला टिकाऊपणाची बाजू मांडणे फार शोभून दिसते, आणि मी ती सविस्तर मांडली.

ती दाराशी, पदर कपाळाखाली ओढून उभी होती. सासऱ्यासमोर आवाज काढायचा नाही, ही आपल्या घरची रीत. लग्न होऊन आल्यापासून तुम्ही दोघे एक शब्दही थेट बोलला नव्हता. तुम्ही एकदा तिच्याकडे नव्हे, पण तिच्या दिशेने पाहिलेत आणि मला म्हणालात, "तिले सांग, गानं म्हन. मी बाहेर उभा ऱ्हास." आणि खरोखरच दुकानाची पायरी उतरून, रस्त्याकडे तोंड करून, दुकानाला पाठ दाखवून तुम्ही उभे राहिलात. धोतराचा सोगा हातात, टोपी उन्हात. येणारे-जाणारे तुम्हांला वळसा घालून जात होते. दुकानदार हसू दाबत भाता हलवू लागला. तिने कानबाईचे गाणे धरले. दुकानदाराने चौकट एक घर सरकवली, मग आणखी एक, असे करीत बरीच वर, काळी चारवर आणली, आणि तेथे तिचा आवाज असा उघडला की मी, तिचा नवरा, तो प्रथमच ऐकत होतो.

गाणे संपल्यावरही तुम्ही लगेच वळला नाहीत. आत आलात ते डोळे पुसत नव्हे, नाक शिंकरत. म्हणालात, "तिना सूर बराबर शे. हालाले पाहिजे ते पेटीनी. तीच द्या." परतताना तुम्ही त्या पेटीला तुमची गोधडी गुंडाळलीत आणि वाटभर ती मांडीवर घेऊन बसलात. गाडीच्या मागच्या बाजूला तिने मला हळूच विचारले, "मामासनी ऐकं का?" मी म्हणालो, ऐकले.

त्यानंतर तुम्ही होता तोवर तुमचे दोघांचे बोलणे त्या चौकटीतूनच चाले. ती चुलीशी गुणगुणायची. तुम्ही ओसरीवरून कान देऊन चौकट एखादे घर वर किंवा खाली सरकवायचात. तिचा घसा बसला असेल तर ते मला आधी तुमच्या पेटीवरून कळे. तुम्ही गेल्यावर हे काम मी शिकलो. मी धडगावच्या कचेरीतून रजा घेऊन कानबाईला येई आणि उंबऱ्याशी बसे. तिला छातीचे दुखणे जडल्यावर आवाज दरवर्षी खाली येऊ लागला. मी न बोलता चौकट सरकवत गेलो. तिला ते समजत होते. शेवटच्या श्रावणात ती पांढरी एकमध्ये गायली. तुमच्या पट्टीत, बापू. आणि त्या वर्षी तिचा एकही स्वर विझला नाही.

यंदा चौकट पांढरी एकवरच ठेवून मी पेटी नेली. सरकवण्यास माझा हात धजावला नाही. थोरल्या दादा-वहिनींची नवी सून गाण्याला बसली होती; नात्याने मी तिचा चुलतसासरा, म्हणून पदर पुढे. दोन गाणी झाली आणि वहिनी, त्याच वहिनी, मला म्हणाल्या, "हाई बी तिनासारखीच शे, भाऊजी. ओठ हालतस, आवाज नही." या खेपेस त्या हसल्या नाहीत. मी त्या मुलीकडे पाहिले, अर्थात तिच्या दिशेने. तिने टाळ्या वाजवण्यास सुरुवात केली होती.

मी पेटी वहिनींच्या पुढे सरकवली, सा कोठे धरायचा आणि चौकट कशी उचलायची ते दाखवले आणि बाहेर जाऊन गोठ्याकडे तोंड करून उभा राहिलो. बैल माझ्याकडे पाहत होते. आतून प्रथम कुजबूज आली, मग भात्याचा श्वास, मग एकेक घर चढत जाणारा एक कोवळा, अनोळखी आवाज. काळी पाचवर तो मोकळा झाला. तुम्ही त्या दिवशी दुकानाबाहेर लगेच का वळला नाहीत, ते मला गोठ्यापाशी उभे राहून समजले.

देवी दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला नदीवर गेली. सगळ्यांत पुढे तीच मुलगी गात होती. पेटी माझ्या घरी आली तेव्हा चौकट काळी पाचवरच होती, आणि ते योग्यच होते. पुढच्या श्रावणातही ती तेथेच लागेल, याची मी व्यवस्था करीन. परंतु एक गोष्ट वहिनींना सांगितलेली नाही, दादांनाही नाही. झाकण लावण्यापूर्वी मी चौकट उचलली आणि पांढरी एकवर आणून ठेवली. वर्षभर ती तेथेच राहील. मी वाजवत नाही.