आठ महिन्यांची गैरहजेरी

ब्रॉन्क्स,
उपवासकाळातला चौथा सोमवार

प्रिय ओनेइदाताई,

फोनवर मी तुला सगळं ठीक आहे असंच सांगत आलो. जे तोंडातून निघत नाही ते लिहून तरी निघतं का, पाहतो.

तुला वाटतं, मी गरिबांची घरं वाचवतो. शिवणाच्या कारखान्यात पाठ मोडून तू मला डोंगरातल्या शाळेतून इथल्या कायद्याच्या कॉलेजपर्यंत पोचवलंस, ते त्याचसाठी. पण गेली एकोणीस वर्षं मी घरमालकांचा वकील आहे. रोज सकाळी घरभाड्याच्या कोर्टाच्या कॉरिडॉरमध्ये मी भाडेकरूंची नावं पुकारतो. न्यायाधीशापुढे जाण्याआधीच त्यांना बाकावर बसवून तडजोड लिहायची, सही घ्यायची. मी आपल्या गावच्या हेलात बोलतो, त्यामुळे माणसं सैलावतात. आमचे मोठे वकील म्हणतात, "वेन्से, तू एखाद्या बाईला नुसतं 'कशा आहात, दोन्या?' विचारलंस की अर्धी केस मिटते!" मला ते कौतुक वाटायचं.

फेब्रुवारीत एक फाइल आली. एमेरेन्सियाना रोसारियो, चौतीस वर्षं एकाच घरात, जुन्या नियमातलं कमी भाडं. भाडेकरू तिथे राहतच नाही असं दाखवता आलं, तर असं घर मालकाला परत मिळतं. बाई आठ महिने देशाबाहेर होती. मी विजेची बिलं, विमानाच्या तारखा जमवल्या. कुणा आजाऱ्याच्या सेवेला गेली असेल तर कायदा सांभाळून घेतो, पण ते तिने सांगायला हवं.

नाव पुकारलं आणि बाकावरून उठली ती आपली चाना. मला बाप्तिस्म्याला हातात धरणारी माझी मादरिना. तिचं कागदावरचं नाव मला कधी ठाऊकच नव्हतं. सवयीने तोंडून निघून गेलं, "आशीर्वाद दे, मादरिना." "देव तुझं भलं करो, पोरा," म्हणत तिने शेजारणीला कोपर मारलं, "बघितलंस? उगीच घाबरत होते. वकील घरचाच निघाला!"

मी मालकाचा वकील आहे, एवढंच बोलायचं होतं आणि फाइल परत करायची होती. मी म्हणालो, "बैस, कागद वाचून दाखवतो." तारखा समोरच होत्या, ताई. ते आठ महिने बाबांच्या शेवटच्या आजारपणाचे होते. तुझा पाय मोडलेला, मी रजा मिळत नाही म्हणालेलो, आणि त्यांना कुशीवर वळवायला, भरवायला ही इथलं घर बंद करून गेलेली. मला सगळं आठवलं, तरी मी वाचत राहिलो. जूनअखेर घर सोडायचं, हे वाक्य मी इतक्या हळू आवाजात वाचलं की ते तिच्या कानावरून निसटून गेलं. "तू म्हणतोस म्हणून करू ना सही?" मी मान हलवली.

पंधरा दिवसांनी तिने डबा पाठवला. उपवासकाळात आई करायची तशी घेवड्याची गोड खीर, वासावरूनच कळली. वर चिठ्ठी: वकिलाची फी. मी झाकण उघडलं नाही.

मागच्या आठवड्यात चर्चमधल्या मिस्सेनंतर तिच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. ती कितीतरी वेळ टेबलावरचं प्लास्टिक हाताने सारखं करत राहिली. मग म्हणाली, "मग आशीर्वाद कशाला मागितलास रे?"

मी ती फाइल सोडली आहे. तिला मोफत मिळणारा वकीलही गाठून दिला. सही फसवून घेतलेली आहे, असं मी पुढच्या सोमवारी न्यायाधीशासमोर शपथेवर सांगणार आहे. अशिलाविरुद्ध बोललेल्या वकिलाची सनद राहते की नाही, ते नंतर बघू. पण ते आठ महिने ती कुठे होती, हे डोळ्यांनी पाहिलेली तू एकटीच उरलीस. तालुक्याला जाऊन नोटरीपुढे तसं लिहून दे, याच आठवड्यात. सख्खा मुलगा असताना परकी बाई का आली, असं नोटरी विचारेल. खरं सांग, ताई. मला सांभाळून घेऊ नकोस.

तुझाच,
वेन्सेस्लाओ