देव, एक. ठीक.

१६ नोव्हेंबर २००६, गुरुवार

आज सकाळी एक देव बांधला.

घर ब्राह्मणआळीतलं, सामान पुण्याला जायचं. सुमतीबाई एकट्याच राहायच्या. त्यांचे यजमान दत्तोपंत उन्हाळ्यात गेले. मुलगा अनिमेष न्यायला आला होता. बांधाबांध सुरू करण्याआधी मी नेहमीसारखी यादी केली. कपाट — डाव्या दारावर जुना ओरखडा. फ्रिज — मागून पोचा. 'आधीची अवस्था' हा रकाना माझ्याच डोक्यातून निघालेला. दोन वर्षांपूर्वी एकाने आधीच तडकलेल्या टीव्हीची भरपाई आमच्याकडून उकळली, तेव्हापासून. प्रत्येक वस्तूपुढे लिहायचं, घरच्यांची सही घ्यायची, एक प्रत त्यांना, एक आपल्याला. तेव्हापासून सामान हलवणाऱ्या आमच्या राहनाळ गावच्या गोदामाला कोणी फसवलेलं नाही.

देव्हाऱ्यात संगमरवरी दत्त. कमंडलू धरलेल्या मनगटाला पिवळट डिंकाची रेघ. कधीतरी तुटलेलं, चिकटवलेलं. सुमतीबाईंनी माझी नजर पाहिली. म्हणाल्या, "ह्यांच्या हातची पूजा होती. विसर्जन करवलं नाही हो."

पेन उचललं. देवाच्या नावापुढे 'फुटका' लिहायचं? तेही गुरुवारी? हात चालेना. लिहिलं — देव, एक. ठीक. बाईंनी सही केली.

रद्दीत बांधवेना, तिच्यावर नट्यांची चित्रं. ते फुगेवालं प्लास्टिक नि चिकटपट्टीही देवाला नको वाटली. पिशवीत माझं नवं उपरणं होतं. त्यात गुंडाळून खोक्यात ठेवला. हमाल लडकूने चपला काढल्या आणि खोकं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसला. "दाजी, देवाला खिरकीजवल बसवलाय. घाट बघंल!"

दिवस सार्थकी लागला.

२१ नोव्हेंबर

अनिमेषचं पत्र. 'वाहतुकीत दत्तमूर्तीचा एक हात तुटला. नुकसानभरपाई मिळावी.' सोबत माझ्याच यादीची झेरॉक्स. 'ठीक' खाली लाल रेघ.

अंगाचा तिळपापड झाला. टीव्हीवाला परवडला, त्याने निदान देवाला मध्ये घातलं नव्हतं. मी त्या बाईच्या दुःखाचा मान ठेवला, आणि तिने माझी भीड बघून ठेवली! शिकलेली माणसं. देव्हाऱ्यातसुद्धा हिशेब.

२२ नोव्हेंबर

मालकाने, हितेशशेठने, बोलावलं. त्याच्या वडिलांच्या भातशेतीवर ही गोदामं उभी आहेत, मी त्याला चड्डीत पाहिलाय. आता खुर्चीतून विचारतो, देव कोणाच्या हातात होता? लडकूच्या. मग लडकू उद्यापासून नको.

लडकू रडकुंडीला आला. "दाजी, मी त्याला खाली टेकवला पन न्हाय. मुतायला उतरलू तवा डायवरच्या मांडीवर दिला."

मी हितेशला डिंकाचं सांगितलं. तो म्हणाला, मग यादीत का नाही? काय सांगणार! त्याने आमची प्रत पुढे सरकवली.

"आता लिहा. खरंच हाय ना? मग खरं लिहायला काय जातंय?"

२३ नोव्हेंबर, गुरुवार

उपास. लिहिलं नाही.

२४ नोव्हेंबर

लडकू सकाळपासून फाटकाबाहेर उकिडवा बसलेला. दुपारी त्याची बायको तुळजा डबा घेऊन आली. माझ्याकडे बघून म्हणाली, तुमी देवाचं मानूस, तुमी बोला ना.

आत गेलो आणि लिहिलं — 'हात आधीच तुटलेला, चिकटवलेला.' मागच्या तारखेखाली, त्याच पेनाने. असं कधी केलं नव्हतं. पण खोटं काय लिहिलं? डोळ्यांनी पाहिलं तेच लिहिलं. हितेशने त्या प्रतीची झेरॉक्स जोडून पुण्याला कळवलं, दावा खोटा आहे. लडकू कामावर आला.

तरी जेवण गोड लागलं नाही. त्याचाही राग त्या बाईवरच.

२८ नोव्हेंबर

सुमतीबाईंचा फोन. "दाजी, तुम्ही स्वतः बांधलात. तुम्ही तरी असं लिहायला नको होतं."

मी म्हणालो, "आई, डिंकाची रेघ तुम्ही पाहिलीत, मीही पाहिली. दत्तानेही पाहिलं."

बाईंनी फोन ठेवला. बोलणार तरी काय!

२ डिसेंबर

अनिमेष येऊन देवाचं खोकं हितेशच्या टेबलावर ठेवून गेला. माझ्याकडे पाहिलंही नाही. निरोप एवढाच, की आईला भरपाई नको. ज्यांनी बांधला त्यांनी एकदा उघडून बघावा.

मी उघडलं नाही. मला काय दाखवता? मीच पाहिलेलं मलाच? खोकं फळीवर ठेवलं. लडकू जाता-येता त्याला नमस्कार करतो. मी त्या बाजूला बघत नाही.

४ डिसेंबर, दत्तजयंती

शेलार गावच्या दत्तमंदिरात पाळण्याला गेलो. गर्दीत उभा. समोर मूर्ती, फुलांनी झाकलेली, फक्त हात दिसत होते. जपमाळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र. लहानपणापासून म्हणतो तसे म्हणत गेलो, आणि मग मोजले.

सहा.

पत्रात 'एक हात' लिहिलं होतं. कुठला, ते मी विचारलंच नाही.

५ डिसेंबर

सकाळी खोकं उघडलं. डिंकाचं मनगट जसंच्या तसं, घट्ट. तुटलाय तो शंखाचा हात. तुटलेली कड पांढरी, ताजी. भोवती माझं उपरणं, पातळ. काचेच्या पेल्यालासुद्धा आम्ही प्लास्टिकचे तीन फेरे देतो.

यादीवर मागून लिहिलेलं खोडलं. खाली लिहिलं — 'दत्तमूर्ती. शंखाचा हात खंडित. आमच्याकडून. लडकूचा दोष नाही. बांधणारा मी.' आजची तारीख, सही. हितेश म्हणाला, याच्यानंतर तुम्हाला इथं ठेवता येणार नाही. म्हटलं, माहीत आहे.

देवाला प्लास्टिकचे तीन फेरे दिले. चपला काढून, खोकं मांडीवर घेऊन पुण्याच्या एस.टी.त बसलो. संध्याकाळी सुमतीबाईंच्या हातात दिला. सही मागितली नाही.